दाढेतली लवंग सगळ्यांनाच मानवते असे नाही

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे पहिला इलाज ठरलेला आहे. घरातली वडीलधारी मंडळी लवंग दाताखाली धरायला सांगतात, नाहीतर कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाकून तो किडलेल्या दाढेत दाबतात. ठणका उतरतो आणि रात्र निभावते. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले, की दारातच तोच वास नाकात शिरतो. पुष्कळांना तो ‘दाताच्या दवाखान्याचा वास’ म्हणून माहीत असतो. खरे तर तो लवंगेचाच वास असतो.

आजीच्या बटव्यातले औषध आणि दंतवैद्याच्या कपाटातले औषध एकच निघावे, असे क्वचितच घडते. लवंगेच्या बाबतीत ते घडले आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणी काही विचारीत नाही. स्वयंपाकघरातली वस्तू काय अपाय करणार, असे रुग्णाला वाटते. शंभराहून अधिक वर्षे चालत आलेल्या औषधाबद्दल काय विचारायचे, असे डॉक्टरला वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. थोड्या लोकांना लवंगेचे वावडे असते, आणि ते वेळीच ओळखले नाही तर त्या माणसाची महिनोन्‌महिने फरफट होते.

औषध खरे आहे

लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के भाग युजेनॉल नावाच्या एका सुगंधी द्रव्याचा असतो. लवंगेचा वास आणि ती चावल्यावर जिभेला येणारी बधिरता, दोन्ही प्रामुख्याने याच द्रव्यामुळे. दाताच्या नसेचे दुखणे ते शमवते आणि जंतूंनाही काही प्रमाणात आळा घालते. युजेनॉल आणि झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी काचेच्या पट्टीवर एकत्र घोटली, की मऊ लगदा तयार होतो आणि दातात भरल्यावर तो घट्ट बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दंतवैद्य हे सिमेंट वापरत आले आहेत. दात तात्पुरता भरायला, रूट कॅनाल करताना मुळाची पोकळी बंद करायला, कवळीचे माप घ्यायला, दाढ काढल्यावर खाच कोरडी पडून ठणकू लागली तर त्यात औषधाची पट्टी ठेवायला, अशा अनेक कामी ते येते. स्वस्त आहे, सहज मिळते, दुखणे थांबवते. लहान गावातल्या दवाखान्याला त्याचा मोठा आधार आहे आणि बहुसंख्य रुग्णांना त्याचा काडीचाही त्रास होत नाही.

तेव्हा हा लेख वाचून कोणी दाढ भरून घ्यायचे टाळू नये, आणि मसाल्याच्या डब्यातली लवंगही फेकून देऊ नये.

भाजणे वेगळे, वावडे वेगळे

लवंगेने होणाऱ्या त्रासाचे प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होते. सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे साधे भाजणे. बाजारात मिळणारे तेल म्हणजे लवंग नव्हे. लवंगेचा तो अर्क आहे, आणि फार तीव्र आहे. ठणका थांबत नाही म्हणून रात्रीतून चार-पाच वेळा बोळा बदलला, की शेजारची हिरडी आणि गाल पांढरा पडतो, सोलवटतो, चुरचुरतो. हे कोणालाही होऊ शकते. जिथे तेल लागले तिथेच होते, काही मिनिटांत किंवा तासांत होते, आणि तेल बंद केले की चार-आठ दिवसांत भरून येते. याला ॲलर्जी म्हणत नाहीत.

दुसरा प्रकार लगेच उठणाऱ्या ॲलर्जीचा. औषध लागल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात. दातात वापरलेल्या युजेनॉलनंतर अंगभर गांधी उठल्याची नोंद चंदीगडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्या वर्षी, २००२ मध्ये, ब्रिटिश दंतवैद्यांच्या नियतकालिकातही युजेनॉलच्या दुष्परिणामांवर लेख आला होता. हा प्रकार विरळा आहे. पण जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता जवळच्या रुग्णालयात पोहोचले पाहिजे.

तिसरा प्रकार आजच्या लेखाचा खरा विषय आहे. ही ॲलर्जी सावकाश येते. दात भरला त्या दिवशी सगळे छान असते. एक-दोन दिवसांनी ओठ खाजू लागतात, फुटतात, तोंडाभोवती लाल चट्टे उठतात, कधी त्यातून पाणी पाझरते. तोंडात आग होते, हिरडी लाल होते, तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते. दात भरून दोन दिवस झालेले असल्याने त्या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. मग ‘उष्णता झाली’, ‘तोंड आले’, ‘त्या डॉक्टरचा हात चांगला नाही’, असे निदान घरीच होऊन जाते.

आजवर काही झाले नाही, मग आताच कसे?

लवंगेचे नाव काढले की रुग्णाचा पहिला प्रश्न हाच असतो. ‘डॉक्टरसाहेब, लहानपणापासून लवंग खातो, आजवर कधी काही झाले नाही.’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या शिवारातच आहे.

बिब्याचे उदाहरण घ्या. बिबा एखाद्याला उततो, दुसऱ्याला तसा उतत नाही, हे आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. दुसरे उदाहरण गाजरगवताचे. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो. १९५०च्या दशकात ते पुण्यात आढळले आणि तिथून बघता बघता बांधाबांधावर पसरले. पुढे त्याच्यामुळे माणसांच्या तोंडावर, मानेवर आणि हातांवर चिघळणारे चट्टे उठू लागले. डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी डॉक्टरांसह या विकारावर लिहिलेला लेख १९७४ साली लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या त्वचारोग नियतकालिकात छापून आला. या रोगाचा शेतकऱ्यांना आलेला अनुभव काय आहे? अनेक वर्षे हेच गवत उपटूनही काही होत नाही, आणि मग एखाद्या हंगामात अचानक अंग फुटते.

कारण असे, की हे द्रव्य आकाराने इतके लहान असते, की शरीराच्या संरक्षक पेशींना ते एकटे असताना ओळखू येत नाही. कातडीतल्या प्रथिनाला ते चिकटले, की मग ते परके वाटू लागते. त्या पेशी त्याची खूण लक्षात ठेवतात. या पहिल्या ओळखीला दहा-पंधरा दिवस लागतात आणि त्या काळात माणसाला काहीच कळत नाही. ही ओळख कधी पहिल्या संपर्कात होते, कधी वीस वर्षांनी. एकदा झाली, की पुढच्या प्रत्येक वेळी ते द्रव्य लागल्यावर एक ते तीन दिवसांत चट्टे उठतात आणि ही आठवण वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा ‘आजवर झाले नाही’ हा ॲलर्जी नसल्याचा पुरावा ठरत नाही. उलट, ज्याने ते द्रव्य खूप वापरले त्यालाच ती होण्याचा संभव असतो. म्हणून दंतवैद्यांच्या आणि त्यांच्या मदतनिसांच्या बोटांनाही हा त्रास झालेला दिसतो.

मानेचे चट्टे आणि दाढेचा त्रास

युजेनॉल फक्त लवंगेत असते असे नाही. तुळशीत असते, दालचिनीच्या पानांच्या तेलात असते, जायफळात थोडे असते. कारखान्यात ते वेगळे काढून साबण, अत्तर, केसांचे तेल, दाढीनंतरचे लोशन, दुखण्यावरचे मलम, दंतमंजन अशा असंख्य वस्तूंत सुगंधासाठी घालतात. त्वचारोगतज्ज्ञ सुगंधाच्या ॲलर्जीची तपासणी करताना आठ सुगंधी द्रव्यांचे एक ठरावीक मिश्रण वापरतात. त्या आठांत युजेनॉल आहे.

याचा व्यवहारातला अर्थ एका उदाहरणाने सांगतो. बाजारपेठेत दुकान असलेल्या एका गृहस्थांच्या मानेवर आणि कानामागे दोन वर्षांपासून खाजरे चट्टे येत. ते अत्तराचे शौकीन. नायटा समजून त्यांनी बाजारातली मलमे लावली होती. पुढे त्यांची दाढ तात्पुरती भरली गेली आणि तिसऱ्या दिवशी ओठ सुजून फुटले. त्यांनी एका ठिकाणी सुई घेतली. चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. असे तीन वेळा झाले. दात काढूनच टाका, असा हट्ट धरण्यापर्यंत गोष्ट आली होती. दाढ दुखतही नव्हती, सूजही दाढेच्या बाजूला नव्हती, ओठांवर होती. अत्तराचे चट्टे आणि दाढेतले सिमेंट या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा संशय आला. त्यांच्या दंतवैद्यांना चिठ्ठी दिली. त्यांनी ते सिमेंट काढून युजेनॉल नसलेले भरले. ओठ दोन आठवड्यांत पूर्ववत झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या चाचणीत युजेनॉलची ॲलर्जी पक्की ठरली. अत्तर सुटले, तसे मानेवरचे चट्टेही गेले. दाढ आजही जागेवर आहे.

मानेसाठी एक डॉक्टर, दाताला दुसरा, आणि सुई देणारा तिसरा. तिघांनीही आपापल्या परीने काम केले, पण दोन टोके जोडायचे काम कोणाचेच नव्हते. माझ्या मते ते काम आम्हा जनरल प्रॅक्टिशनर मंडळींचे आहे. रुग्णाचे घर, धंदा, सवयी आम्हाला माहीत असतात.

सुई हा इलाज नव्हे

इथे थोडे कडू बोलतो. खाज, सूज, चट्टे दिसले की स्टेरॉइडची सुई मारायची, ही आपल्या भागातली रीत झाली आहे. रुग्णच मागतो आणि नाही म्हटले तर दुसऱ्या दवाखान्यात जातो. सुईने सूज उतरते यात शंका नाही. पण सिमेंट दाढेत तसेच असते. घट्ट झाल्यावरही त्यातून थोडे थोडे युजेनॉल लाळेत उतरत राहते. म्हणजे काटा पायात ठेवून वर मलम लावल्यासारखे होते. पुन्हा पुन्हा घेतलेल्या स्टेरॉइडने साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात. वर खरे कारणही झाकून जाते, कारण स्टेरॉइड चालू असताना ॲलर्जीची चाचणी करूनही बरोबर उत्तर मिळेलच असे नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. गालाला सूज, ताप, पू, तोंड उघडता न येणे ही लक्षणे असतील तर तो दाताच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग समजावा आणि ॲलर्जीच्या नावाखाली वेळ दवडू नये. तसेच तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असलेल्या माणसाच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लवंगेला दोष देत बसू नये. ती जखम तज्ज्ञाला दाखवलीच पाहिजे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडाच्या कर्करोगाची भीती बंदीने संपलेली नाही.

पाठीवरची चाचणी

या ॲलर्जीची खात्री करायला पॅच टेस्ट करतात. याडासोन नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली ही पद्धत मांडली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. संशयित द्रव्ये अगदी सौम्य प्रमाणात मलमात मिसळून, छोट्या चकत्यांत घालून पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी चकत्या काढून पाठ पाहतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. जिथे लाल, खाजरा उंचवटा उठला, त्या द्रव्याचे वावडे. रक्त काढावे लागत नाही. रक्ताच्या तपासणीने ही सावकाश येणारी ॲलर्जी कळतही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या नावाखाली महागड्या तपासण्या करून आलेले लोक भेटतात.

चाचणी सोपी असली तरी जळकोटच्या माणसाला ती जड जाते. लातूरला किंवा नांदेडला तीन खेपा, म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. पाठ दोन दिवस भिजवायची नाही आणि घाम येऊ द्यायचा नाही, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती करण्यात अर्थ नाही. सुगी आटोपल्यावर, थंडीत करावी. जाण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ही चाचणी होते का आणि कोणत्या दिवशी होते, एवढे फोनवर विचारून घ्यावे. एक खेप वाचते. घरी हातावर लवंगेचे तेल चोळून स्वतःची परीक्षा मात्र कोणी घेऊ नये. त्या तेलाने निरोगी कातडीही भाजते, आणि उत्तर काहीच मिळत नाही.

काय करावे

रुग्णांना माझे सांगणे असे. अत्तर, सुगंधी तेल, साबण, मलम, लवंगेचे मंजन यांपैकी कशानेही अंगावर किंवा तोंडाला चट्टे उठले असतील, तर दाताच्या खुर्चीवर बसण्याआधी ते बोलून दाखवावे. दंतवैद्याला ते आपण होऊन कळणार नाही. ॲलर्जी सिद्ध झाली असेल, तर ‘युजेनॉल’ हा शब्द एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. जेवणातल्या काळ्या मसाल्याने बहुतेकांना काही होत नाही. ज्याला होते त्याने तेवढे टाळावे. बाकीच्यांनी उगाच पथ्य करू नये.

घरात लवंगेचे तेल ठेवायचे असेल तर मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. १९९३ साली एका ब्रिटिश नियतकालिकात दोन वर्षांच्या मुलाची हकिकत आली होती. त्याच्या पोटात पाच ते दहा मिलिलिटर, म्हणजे एक-दोन चमचे तेल गेले आणि ते मूल झटके येऊन बेशुद्ध झाले, त्याच्या यकृताला इजा झाली. ते मरता मरता वाचले. दात येताना तान्ह्या बाळाच्या हिरडीला हे तेल चोळण्याची चाल काही घरांत आहे, ती बंद झाली पाहिजे. मोठ्या माणसानेही एखाद्या रात्रीपुरते, थेंबभर वापरावे. ते दुखणे थांबवते, कीड बरी करत नाही.

दंतवैद्य मित्रांना विनंती एकच आहे. रुग्णाच्या कार्डावर नुसते ‘दात भरला’ असे न लिहिता कशाने भरला ते लिहावे. एका शब्दाचे काम आहे, पण त्या एका शब्दाने पुढच्या डॉक्टरचे तीन महिने वाचतात. युजेनॉल नसलेली सिमेंटे त्यांना माझ्याहून चांगली माहीत आहेत. दाताच्या रंगाचे नवे भरण युजेनॉलच्या सान्निध्यात नीट घट्ट होत नाही, त्यामुळे अशी सिमेंटे अनेकांच्या कपाटात असतातही. शिवाय युजेनॉलच्या सिमेंटात पुष्कळदा राळ मिसळलेली असते, आणि राळेचेही काहींना वावडे असते. चिकटपट्टीने ज्याची कातडी लाल होते अशा रुग्णाच्या बाबतीत हे आठवावे.

शेवटची मागणी सरकारकडे आणि कंपन्यांकडे. युरोपीय संघाच्या देशांत २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या आणि टूथपेस्टच्या वेष्टनावर युजेनॉलसह २६ सुगंधी घटकांची नावे, ती ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक असतील तर, छापावी लागतात. २०२३ साली ही यादी वाढवून ऐंशीच्या वर नेण्यात आली. आपल्याकडच्या डब्यांवर मात्र बहुधा ‘सुगंध’ एवढाच मोघम शब्द आढळतो. ज्याला वावडे आहे त्याने कशावरून ओळखायचे? पॅरिसच्या ग्राहकाला जी माहिती मिळते, ती जळकोटच्या ग्राहकाला मिळू नये असे काही कारण मला दिसत नाही. नाव मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात छापावे.

तोवर निदान एक सवय आपण सगळेच लावून घेऊ. दात भरून झाला, की फी देताना डॉक्टरांना विचारावे, ‘साहेब, आत काय भरले?’ आणि ते जे सांगतील ते कार्डावर लिहून घ्यावे. औषध आपल्या तोंडात आहे, तेव्हा त्याचे नाव आपल्याला माहीत असलेच पाहिजे.